गैरहजर कोण?

मुलांनो, आज सकाळी तुम्ही डोळे चोळत उठलात, तेव्हा घरात तुमच्याआधी कोण कोण उठलं होतं? जरा आठवून पाहा. कुणीतरी पाणी भरून ठेवलं होतं. कुणीतरी अंगण झाडलं होतं, चहाचं आधण ठेवलं होतं. तुम्ही शाळेत पोहोचलात तेव्हा वर्गाचं कुलूप उघडलेलं होतं. ही कामं कोण करतं, किती वाजता करतं, असं आपण कधी विचारत नाही. पण एखाद्या दिवशी ती झाली नाहीत, की लगेच आपला सूर लागतो, "आई, पाणी कुठंय?"

संगणकातही अशी गुपचूप कामे करणारी मंडळी असतात, बरं का! त्यांतल्याच एकाची ही गोष्ट आहे. तो रोज सकाळी कामावर यायला हवा होता आणि येत नव्हता. गंमत म्हणजे तो येत नाही हे मला जवळजवळ सात महिने कळलंच नाही. गंमत म्हटलं खरं, पण पुढे वाचाल तेव्हा तुम्हांला ती गंमत वाटणार नाही.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका डोंगराकडेच्या गावात प्राथमिक शाळेत शिकवते. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि चौथीपर्यंतचे वर्ग. गावकऱ्यांनी वर्गणी काढून शाळेला एक संगणक घेऊन दिला. शाळेत तेव्हा इंटरनेट नव्हते. तरी मुलांना संगणकाचे केवढे अप्रूप! २०२२ साली शाळा सुरू झाली तेव्हा आम्ही एक बेत केला. गावातल्या आज्यांना जात्यावरच्या ओव्या येतात. पूर्वी पहाटे सगळे घर झोपलेले असताना बायका दळायला बसायच्या आणि दळता दळता ओव्या म्हणायच्या. आता पिठाची गिरणी आली, जाती कोपऱ्यात गेली. ओव्या मात्र आज्यांच्या ओठांवर अजून आहेत. तेव्हा प्रत्येकाने आपल्या आजीला शाळेत आणायचे, तिच्या ओव्या संगणकात तिच्याच आवाजात साठवायच्या आणि नंतर त्या टंकित करायच्या, असे ठरले.

"पण बाई, संगणक बिघडला तर?" चौथीतल्या एका मुलीने विचारले. ती आमच्या शालेय मंत्रिमंडळात संगणकमंत्री होती. तिचे नाव मी सांगत नाही, तिला ते आवडायचं नाही.

प्रश्न अगदी बरोबर होता. माझा धाकटा भाऊ संगणकातला जाणकार आहे. त्याने शाळेत येऊन एक छोटासा प्रोग्रॅम बसवून दिला. संगणक सुरू झाला की आपल्या ओव्यांच्या सगळ्या फायलींची एक प्रत मागे खोचून ठेवलेल्या पेनड्राइव्हवर आपोआप करायची, एवढेच त्याचे काम. प्रत ज्या कप्प्यात ठेवायची त्याला त्या दिवसाची तारीख द्यायची. कुणी काही दाबायचे नाही की सांगायचे नाही. भावाने आम्हांला करूनही दाखवले. संगणक 'रिस्टार्ट' केला, क्षणभर वाट पाहिली, पेनड्राइव्ह उघडला. आत कप्पा होता, १७ जून २०२२! मुलांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आणि मग मी तो प्रोग्रॅम विसरून गेले.

आता थोडे थांबू या आणि संगणक सकाळी उठतो कसा, ते पाहू.

बटण दाबले की संगणकाला पहिल्या क्षणी जवळजवळ काहीच ठाऊक नसते. त्याच्या एका चिपमध्ये थोड्याशा सूचना कायमच्या लिहिलेल्या असतात. त्या आधी जाग्या होतात आणि डिस्कवरच्या मोठ्या कारभाऱ्याला, म्हणजे विंडोजसारख्या यंत्रणेला, हाक मारतात. या उठण्याला इंग्रजीत 'बूट' होणे म्हणतात. हसू नका! पायातल्या बुटाशी त्याचे खरोखरच नाते आहे. उंच बुटाला मागे एक पट्टी असते, ती धरून बूट पायात ओढतात. स्वतःच्याच बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलायचे, अशी एक इंग्रजी म्हण आहे. संगणक तसेच काहीसे करतो, म्हणून हा शब्द आला.

कारभारी उठला की तो आपल्या याद्या काढतो. कुणी कुणी कामाला लागायचे, ते त्यांत लिहिलेले असते. घड्याळ बरोबर ठेवणारा, व्हायरसवर पहारा करणारा, छपाईचे काम पाहणारा, असे कितीतरी जण पडद्यामागे उभे राहतात. एमआयटी या अमेरिकन संस्थेतल्या संगणकतज्ज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात अशा प्रोग्रॅमांना 'डीमन' असे नाव दिले. भूत नव्हे हं, न दिसता राबणारा मदतनीस. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८६७ मध्ये एक विचारप्रयोग मांडला होता. त्यात एक इवलासा अदृश्य द्वारपाल होता. त्याच्यावरून हे नाव सुचले.

विंडोजमध्ये अशा याद्या एकाहून जास्त ठिकाणी असतात. एक 'स्टार्टअप' नावाचा कप्पा असतो, आणखी एक यादी 'रजिस्ट्री' नावाच्या मोठ्या वहीत असते. तिसरी असते 'टास्क शेड्युलर'मध्ये. हे एक वेळापत्रकच समजा. आपल्या शाळेत कसं, घंटा झाली की प्रार्थना! तसं अमुक घडलं की तमुक काम करायचं, असं त्यात लिहायचं. भावाने आमच्या प्रोग्रॅमसाठी यातच नोंद केली होती. 'संगणक सुरू होताच' ही त्याची घंटा.

ओव्यांचे काम जोरात सुरू झाले. काही आज्या लाजायच्या, मग एकदा सूर लागला की थांबायच्याच नाहीत. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिसरीतल्या एका मुलाची आजी आली. फार थकली होती, नातवाच्या खांद्याचा आधार घेत आली. खुर्चीवर बसायला तयार होईना. "जात्याफुडं खुर्ची असती व्हय?" म्हणाली आणि खाली बसून गायली. पुढे डिसेंबरात ती वारली.

९ जानेवारी २०२३, सोमवार. सकाळी संगणकाचे बटण दाबले तर आतून टक् टक् असा आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने सांगितले, "बाई, डिस्क गेली. आतलं काही निघायचं नाही."

मी अजिबात घाबरले नाही. ऐटीत म्हणाले, "आमच्याकडे रोजची प्रत आहे!" शाळेत आल्यावर पेनड्राइव्ह दुसऱ्या सरांच्या लॅपटॉपला लावला. सगळी मुले भोवती जमली. आत किती कप्पे असावेत? शंभराच्या वर. आणि होते किती? सहा!

१७ जून. २४ जून. ६ जुलै. २१ जुलै. १७ ऑगस्ट. १४ सप्टेंबर. बस्स! त्यानंतर काहीच नाही. सप्टेंबरपर्यंतच्या ओव्या मिळाल्या, पुढच्या साऱ्या गेल्या. तो तिसरीतला मुलगा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बाई, आजीचा आवाज हाय नव्हं त्यात?"

मी काय उत्तर देणार? मला इतका राग आला, की तो कुणावर तरी काढायचाच होता. माझे लक्ष संगणकमंत्र्याकडे गेले. रोज संध्याकाळी संगणक बंद करायचे काम तिचे. "तूच पेनड्राइव्ह काढून ठेवत असशील! खेळायला नेत असशील!" असे मी सगळ्यांदेखत बोलले. ती म्हणाली, "नाही बाई." मी म्हटले, "मग काय भुताने काढला?" ती खाली मान घालून जागेवर जाऊन बसली.

मुलांनो, मी शिक्षिका आहे, डी.एड. केलेली आहे. 'आधी नीट पाहा, मग उत्तर लिहा' असे तुम्हांला रोज सांगते. त्या दिवशी मी स्वतः काहीच न पाहता उत्तर लिहिले.

आठवडाभराने नवी डिस्क बसवून संगणक परत आला. विंडोज नव्याने घातले. भावाने सांगितल्याप्रमाणे फोनवरूनच मी तो प्रोग्रॅम पुन्हा वेळापत्रकात लिहिला. १८ जानेवारीला 'रिस्टार्ट' करून पाहिले. प्रत झाली! संगणक बंद करायचे काम आता मी एका मुलाकडे दिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक सुरू केला, पेनड्राइव्ह पाहिला. १९ जानेवारीचा कप्पा नाही. २० चा नाही. २१ चाही नाही.

आता बघा. संगणक बंद करणारे मूल बदलले, पेनड्राइव्हला तर कुणी हातही लावला नव्हता. तरी निकाल तोच. म्हणजे दोष त्या मुलीचा नव्हता. हे माझ्या ध्यानात आले आणि माझा चेहरा उतरला.

तेवढ्यात तीच माझ्या टेबलापाशी आली. हातात एक शंभर पानी वही. "बाई, ही बघता का?" तिने जूनपासून रोज त्यात लिहिले होते. तारीख, संगणक चालू केल्याची वेळ, बंद केल्याची वेळ आणि शेवटी 'शेरा'. मीच तिला जूनमध्ये असे लिहायला सांगितले होते आणि नंतर विसरले होते. तिने पेनड्राइव्हवरच्या तारखांपुढे पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. १७ जून हा तर भावाने करून दाखवल्याचा दिवस. बाकी पाच दिवसांचे शेरे मी वाचले.

२४ जून – लाईट गेली. दुपारी परत चालू केला. ६ जुलै – वादळ, लाईट गेली. २१ जुलै – लाईट गेली. १७ ऑगस्ट – लाईट गेली. १४ सप्टेंबर – लाईट गेली.

पावसाळा संपला, लाईट जायची थांबली, आणि प्रतीही थांबल्या!

वर्गात एकदम कालवा झाला. म्हणजे संगणक नीट, नियमाने बंद केला की आमचा प्रोग्रॅम गैरहजर. आणि लाईट गेल्यामुळे तो धाडकन बंद पडला की हजर. असं उफराटं कसं? तुम्हीही इथे क्षणभर वाचायचे थांबा आणि डोके चालवून पाहा.

मी भावाला फोन लावला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "ताई, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूपाशी 'अप टाइम' लिहिलेलं असेल. काय आकडा आहे?"

'अप टाइम' म्हणजे संगणक किती वेळ सलग जागा आहे तो आकडा. त्या दिवशी २५ जानेवारी होती. संगणक आम्ही सकाळी साडेदहाला सुरू केला होता. आणि आकडा काय दाखवत होता? ७ दिवस! म्हणजे १८ तारखेच्या 'रिस्टार्ट'पासून तो एकदाही झोपलेला नव्हता. रोज संध्याकाळी आम्ही त्याला बंद करत होतो, पण त्याच्या हिशेबी तो जागाच होता.

झाले होते ते असे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची एक सोय असते. आमच्या विंडोज १० मध्ये ती होती, विंडोज ११ मध्येही असते. तुम्ही 'शट डाउन' केले की तुमचे उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण मुख्य कारभारी पूर्ण झोपत नाही. आपल्या मनातले सगळे तो डिस्कवर एका जागी उतरवून ठेवतो. सकाळी पहिल्यापासून मांडामांड न करता तेच वाचून पुढे काम सुरू करतो. त्यामुळे संगणक लवकर सुरू होतो. तुम्ही गणिताचे अर्धे उदाहरण वहीत ठेवून झोपता आणि सकाळी तिथूनच पुढे सोडवता ना, तसेच.

पण आमच्या वेळापत्रकात काय लिहिले होते? 'संगणक सुरू होताच.' कारभाऱ्याच्या मते तो नव्याने सुरू झालेलाच नव्हता. मग घंटा वाजणार कशी? घंटा नाही, म्हणून आमचा प्रोग्रॅम बिचारा जागच्या जागी. 'रिस्टार्ट' केले की मात्र विंडोज खरोखर पहिल्यापासून उठते. म्हणून भावाने दाखवले तेव्हा सगळे छान चालले. आणि लाईट गेली की मनातले उतरवून ठेवायला कारभाऱ्याला वेळच मिळत नाही. मग त्याला पहिल्यापासून उठावे लागते, घंटा वाजते आणि प्रत होते!

दोष कुणाचा? सोय करणाऱ्यांचा नव्हे, ती चांगलीच आहे. आम्ही तपासायला चुकलो. संगणक रोज ज्या रीतीने बंद करणार, त्या रीतीने बंद करून एकदाही पाहिले नाही. 'रिस्टार्ट' करून पाहिले आणि टाळ्या वाजवल्या.

उपाय अगदी सोपा निघाला. वेळापत्रकातली घंटा बदलली. 'संगणक सुरू होताच' याऐवजी 'वापरणारा आत येताच', म्हणजे 'ॲट लॉग ऑन', असे केले. 'फास्ट स्टार्टअप' असले तरी वापरणाऱ्याला रोज नव्यानेच आत यावे लागते, म्हणून ही घंटा रोज वाजते. शिवाय एक मिनिट उशिराने काम सुरू कर, असेही लिहिले, म्हणजे पेनड्राइव्ह तयार व्हायला सवड मिळते. मग नेहमीसारखा 'शट डाउन' केला, पुन्हा सुरू केला. कप्पा हजर! या वेळी टाळ्या वाजवायच्या नाहीत, असे आम्ही ठरवले. आठ दिवस रोज पाहिले आणि मगच वाजवल्या.

त्याआधी एक काम मी केले होते. वही पाहिली त्याच दिवशी, ज्या वर्गासमोर त्या मुलीला बोलले होते, त्याच वर्गासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "मी चुकले. न तपासता मी हिला चोर ठरवलं." ती म्हणाली, "बाई, वहीत सगळं लिहिलं होतं ना मी." तिच्या आवाजात राग नव्हता, पण अजूनही ते वाक्य मला आठवते. संगणकमंत्रिपद तिने परत घेतले. अट मात्र एक घातली. रोज सकाळी पेनड्राइव्ह उघडून तारीख बघायची आणि बाईंनी शेऱ्यापुढे सही करायची!

तुमच्या घरीही एखादा प्रोग्रॅम आपोआप सुरू होत नसेल, तर आम्ही शिकलो त्या क्रमाने बघा. मोठ्या माणसाला शेजारी बसवून, हं!

पहिले, तो प्रोग्रॅम स्वतः हाताने उघडून पाहा. उघडला नाही तर तो प्रोग्रॅमच बिघडला आहे, यादीचा दोष नाही. दुसरे, यादीत त्याचे नाव आहे का आणि कुणी ते बंद करून ठेवले आहे का, हे टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' भागात बघा. तिथे नसेल तर टास्क शेड्युलरमध्ये बघा. तिथे तो शेवटचा कधी चालला, ती तारीखही दिसते. तिसरे, 'रिस्टार्ट' आणि 'शट डाउन' दोन्ही करून पाहा. एकाने चालतो आणि दुसऱ्याने नाही, तर आमचेच कोडे तुमच्याकडे आले असे समजा. चौथे लॅपटॉपवाल्यांसाठी. टास्क शेड्युलरमध्ये नव्या कामासाठी 'चार्जर लावलेला असेल तरच काम कर' या चौकटीत आधीपासूनच खूण असते. लॅपटॉप बॅटरीवर असला की काम सुरूच होत नाही आणि आपण डोके खाजवत बसतो. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या, तर कशाने गुण आला ते कळत नाही.

पालकांनाही एक सांगणे आहे. तुमच्या फोनमधले मुलांचे फोटो, आजी-आजोबांचे आवाज 'आपोआप साठवले जातात' असे तुम्ही धरून चालला असाल. आज एकदा उघडून शेवटची तारीख बघाल का?

बाकीच्या आज्यांनी पुन्हा शाळेत येऊन ओव्या म्हटल्या. एक तर म्हणाली, "मागल्या खेपेपेक्षा आता गळा बरा लागलाय!" पण तिसरीतल्या त्या मुलाच्या आजीला आम्ही पुन्हा बोलावू शकत नव्हतो. ती गात असताना त्याने दोन ओव्या वहीत उतरवून घेतल्या होत्या, चुकतमाकत, काना-मात्रा सोडून. ते शब्द तेवढे राहिले. आवाज गेला. त्या मुलाला मी त्याचीही माफी मागितली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ती वही आणून दिली आणि आम्ही ते पान संगणकात साठवले.

आता आमच्या वर्गात हजेरीच्या शेवटी एक नाव जास्तीचे असते. सगळ्यांची नावे झाली की मी विचारते, "आणि पेनड्राइव्ह?" मग संगणकमंत्री उठते, तारीख वाचते आणि सांगते, "हजर, बाई!" ती पहिली संगणकमंत्री चौथी होऊन आता मोठ्या शाळेत गेली. तिच्यानंतरच्या मुलांनीही ही रीत मोडलेली नाही.

तुमच्या घरात, शाळेत असे गुपचूप काम करणारे कोण कोण आहे? माणसे आणि यंत्रे दोन्ही शोधा. आणि त्यांची हजेरी तुम्ही शेवटची कधी घेतलीत, तेही आठवून पाहा, बरं का!